वाट्समानची कॉपी : माझ्या प्रकल्पाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

आजपासून लिहून ठेवतेय, म्हणजे मध्येच सोडून द्यायचं झालं तर स्वतःला तोंड दाखवायला लाज वाटेल. ठरवलंय ते हे की कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या 'वाट्समान' या चित्राची ऑइलमध्ये कॉपी करायची, घरी, शनिवार-रविवारी, जितके महिने लागतील तितके लागू देत. चित्र १८२४-२५ चं आहे आणि इथे बर्लिनलाच आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. मागच्या वर्षी त्याच्या जन्माला २५० वर्षं झाली म्हणून मोठं प्रदर्शन भरलं होतं तिथे, तेव्हा पहिल्यांदा समोर उभी राहिले आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलंच नाही.

आहे काय त्यात तर एक डोंगर, आल्प्समधला वाट्समान. समोर तपकिरी-हिरवट खडकाळ उतार, त्यातून एक मोठा खडक वर आलेला आणि त्याच्यावर चारदोन लहान झाडं, त्याच्यामागे सूचिपर्णी झाडांच्या टेकड्या, त्याच्यामागे निळसर कडे आणि सगळ्याच्या वर एकदम स्वच्छ आकाशात ते बर्फाचं शिखर. माणूस नाही, गुरं नाहीत, झोपडी नाही, धूर नाही. एवढंच. आणि समोर उभं राहिलं की आपला श्वास हळू होतो, खरंच होतो, मी दोनदा बघितलंय.

मूळ कॅनव्हास १३५ बाय १७० सेंमी. आमच्या दीड खोलीच्या घरात ते मावणार नाही, म्हणून चाळीस टक्के, म्हणजे ५४ बाय ६८.

१९ जानेवारी, रविवार

म्युझियममध्ये दोन तास काढले. गार्डबाईंना विचारलं, पेन्सिल आणि छोटी वही चालेल म्हणाल्या. रंगाची नुसती नोंद केली शब्दात, 'इथे हिरवा पण राखेत मिसळल्यासारखा', 'इथे निळा सुरू कुठे होतो ते कळत नाही' अशी.

आज एक गोष्ट नीट कळली. या चित्रात वाट नाही. मी वहीत वाटच शोधत होते, कारण लँडस्केप शिकताना आम्हाला पहिलं हेच शिकवलेलं की बघणाऱ्याला आत न्यायला एक पायवाट द्या, एखादा ओढा द्या, नजर त्यावरून आत जाते. इथे तसलं काही नाही. समोरचा खडक आहे तो अडसरासारखा, त्याच्यापलीकडे दरी आहे का काय आहे ते दिसतच नाही, आणि शिखर तर सरळ आकाशाला लागलेलं. तुम्ही तिथे जाऊ शकत नाही, फक्त बघू शकता. मला वाटतं ती शांतता इथूनच सुरू होते, जायचंच नाही म्हटल्यावर माणूस निवांत होतो.

त्याच मजल्यावर केर्स्टिंग या चित्रकाराने काढलेलं फ्रीडरिशचं चित्र आहे, साधारण १८१२ चं, स्टुडिओत उभा असलेला. खोली जवळजवळ रिकामी, खिडकीचा खालचा अर्धा भाग बंद केलेला म्हणजे उजेड वरूनच येईल, भिंतीवर टी-स्क्वेअर आणि गुण्या टांगलेला, एकदोन पॅलेट, संपलं. हा मित्र होता त्याचा, दोघं १८१० मध्ये रीझेनगेबिर्गेच्या डोंगरात पायी हिंडले होते. आणि फ्रीडरिशच्या हातात ती काठी! हात टेकवायची काठी, बोर्ड रंगवणाऱ्यांची असते तीच. बाबांकडे होती, बांबूची, टोकाला फडक्याचा गोळा दोऱ्याने घट्ट बांधलेला, म्हणजे ओल्या अक्षराला ओरखडा जात नाही. सांगलीत बाबांनी तीस-पस्तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले ते त्या काठीवर मनगट टेकवूनच. ड्रेस्डेनमधल्या चित्रकाराच्या हातात तीच काठी बघून मला भरून आलं.

वाट्समानच्या चित्राखालच्या पाटीवरची गोष्ट वाचली ती पण लिहून ठेवते. हे चित्र मार्टिन ब्रुन नावाच्या ज्यू गृहस्थांचं होतं, १९३७ मध्ये, नाझी राजवटीत देश सोडायचा म्हणून ते नॅशनलगॅलरीला विकावं लागलं. २००२ मध्ये ते वारसांना परत मिळालं, मग एका बँकेने विकत घेऊन म्युझियमला कायमचं म्हणून ठेवायला दिलं. इतक्या शांत चित्राच्या मागे हे असं काही असेल असं बघताना मनातही येत नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज ब्रश नाही, फक्त वाचन, पण आजचीच नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

फ्रीडरिशने वाट्समान कधी पाहिलाच नव्हता. वाट्समानच काय, आल्प्सच पाहिले नव्हते. जन्म ग्राइफ्सवाल्डचा, बाल्टिक समुद्राच्या काठचा, शिकला कोपनहेगनला, १७९८ पासून ड्रेस्डेनमध्ये, आणि त्याचे डोंगर म्हणजे हार्त्स, रीझेनगेबिर्गे, ड्रेस्डेनजवळचे ते वालुकाश्माचे सुळके. तेव्हाचे सगळे चित्रकार इटलीला जायचे आणि जाताना आल्प्स ओलांडायचे, हा गेलाच नाही.

मग शिखर आलं कुठून? त्याचा एक तरुण विद्यार्थी होता, आउगुस्ट हाइनरिश, जन्म १७९४ चा. हा तिकडे हिंडला, बसून काळजीपूर्वक एकेक घळ बघत वाट्समानचा जलरंगातला अभ्यास केला, आणि १८२२ मध्ये इन्सब्रुकला वारला. जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा. दोन-तीन वर्षांनी फ्रीडरिशने त्याच अभ्यासावरून हे मोठं चित्र केलं. म्हणजे मी जो बर्फ बघत होते तो एका गेलेल्या मुलाच्या डोळ्यांनी बघितलेला आहे आणि त्याच्या गुरूने तो मोठा केलाय.

आणि समोरचा तो खडक? तो आल्प्समधला नाहीच, तो हार्त्समधला ट्रुडेनश्टाइन, फ्रीडरिशने १८११ मध्ये तिथे पायी फिरताना काढलेला. तेरा-चौदा वर्षं वहीत पडून होता. म्हणजे खडक त्याने पाहिलेला आणि शिखर विद्यार्थ्याने पाहिलेलं, आणि मधे ती न दिसणारी दरी.

काही लोक याला खोटं म्हणतील, भूगोलाशी फसवणूक म्हणतील. मला अजिबात तसं वाटत नाही. त्याच सुमाराला त्याने उत्तर ध्रुवाकडचा बर्फाचा समुद्र रंगवला, तिथेही तो गेला नव्हता, पण एल्बे नदी गोठून फुटली तेव्हा बर्फाच्या लाद्यांचा अभ्यास केला होता. न पाहिलेलं रंगवताना तो पाहिलेल्याला घट्ट धरून असतो. त्याचं अजून एक आल्प्सचं चित्र होतं, कारुस या मित्राच्या स्केचवरून केलेलं, ते १९४५ मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॅनव्हास ताणला. जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिशपेपर, मग वर ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा अंबर (तपकिरी) मिसळून पातळ उबदार हात. फ्रीडरिशच्या चित्रात ब्रशचा फटकारा जवळजवळ दिसत नाही, रंगाचे थर इतके पातळ की खालचा उजेड वर येतो, त्यामुळे कॅनव्हासचं पोत गुळगुळीत असणं भागच.

चित्र उतरवायला चौकोनांची ग्रिड, मूळच्या १० सेंमीला माझे ४ सेंमी. पट्टीने आखायला बसले तर दोनदा तिरकं गेलं, मग बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, "अगं पट्टी कशाला, दोरी मार की." निळीत बुडवलेली सुती दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून टण्णकन सोडायची, सरळ रेघ उमटते आणि नंतर फडक्याने पुसली जाते. नीळ इथे मिळाली नाही, कोरड्या चॉकपावडरवर भागवलं. सतरा उभ्या घरांचं काम वीस मिनिटात झालं.

पेन्सिलीने शिखर उतरवायला मात्र पूर्ण संध्याकाळ. ते शिखर लांबून त्रिकोण वाटतं पण एकही कड सरळ नाही, प्रत्येक कड आत बाहेर आत बाहेर करत जाते आणि तरी एकूण वर चढत राहते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आकाश बिघडलं. सरळ लिहिते, पट्टे पडले.

वर फिकट निळा, खाली येता येता दुधाळ, आणि शिखराच्या आसपास किंचित पिवळसर ऊब, हे सगळं एका दमात ओल्यात ओलं मिसळायला पाहिजे. मी मध्ये चहाला उठले, पाच-सात मिनिटंच, पण हीटरच्या बाजूचा भाग सुकायला लागला आणि परत आल्यावर ब्रश फिरवला तर जोड दिसायला लागला. सगळं फडक्याने पुसून काढलं, टर्पेंटाइनचा वास अजून घरात आहे.

बाबा फोनवर म्हणाले, "बोर्डाची शेड मारताना मी कुणाला हाक मारू द्यायचो का? तुला आठवत नाही होय?" आठवतं ना. आई जेवायला बोलवायची आणि बाबा हं पण म्हणायचे नाहीत, इनॅमलची शेड पिवळ्याकडून लालाकडे निघालेली असायची आणि आम्ही उंबऱ्यातच थांबायचो.

आणि फ्रीडरिशबद्दल हीच आठवण सांगतात! त्याची बायको कारोलिने आलेल्या पाहुण्याला म्हणाली होती म्हणे, की ज्या दिवशी तो हवा रंगवत असतो त्या दिवशी त्याच्याशी बोलायचं नाही. आकाश नाही, हवा म्हणतात ते. मला हा शब्द फार आवडला. आपण आकाश म्हटलं की वरचा निळा भाग धरतो, पण या चित्रात हवा सगळीकडे आहे, कड्याच्या आणि टेकडीच्या मध्ये सुद्धा.

२ मार्च, रविवार

जमलं. फोन बंद, हीटर बंद, दार बंद. सकाळी नऊला सुरू केलं ते साडेबारापर्यंत उठले नाही. रंग थोडे पण भरपूर मळून ठेवले, पाच वाट्यांमध्ये पाच छटा, वरच्या वाटीत पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि अगदी सुईच्या टोकाएवढा प्रशियन ब्लू, खालच्या वाटीत पांढऱ्यात ऑकर. रुंद फ्लॅट ब्रशने आडवे हात, मग कोरड्या मऊ ब्रशने नुसता स्पर्श, दाबायचं नाही, जोड मोडेपर्यंत. बाबांची सूचना अशी की कोरडा ब्रश प्रत्येक हातानंतर फडक्याला पुसायचा, नाहीतर वरचा निळा खाली ओढला जातो. बरोबर होती.

संध्याकाळी लांबून बघितलं तर कॅनव्हासवर अजून डोंगर नाही, काहीच नाही, नुसती हवा आहे, आणि मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसले.

१५ मार्च, शनिवार

टेकड्यांचा पहिला हात. फार लिहिण्यासारखं नाही. जवळच्या टेकडीत अंबर, मागच्या टेकडीत तोच रंग पण थोडा निळा आणि थोडा पांढरा, त्यामागे अजून. सूचिपर्णी झाडं टोकदार काढायचा मोह होतो पण मूळ चित्रात ती एकेक सुटी नाहीत, घोळक्याने आहेत, टोकं तेवढी वेगळी.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. गुढी खिडकीत उभारली, छोटीच, साखरेच्या गाठी मागच्या वर्षी सांगलीहून आणलेल्या. श्रीखंड खाऊन शिखराला हात घातला.

बर्फ पांढरा नाही. हे ऐकलेलं होतं, आज हाताने कळलं. उजेडातल्या बाजूला पांढऱ्यात ऑकरची ऊब, सावलीत निळा-जांभळा करडा, आणि शुद्ध पांढरा म्हणावा असा रंग मी फक्त तीन-चार ठिकाणी, तांदळाच्या दाण्याएवढा लावला. तेवढ्यानेच शिखर उजळलं. आधी मी भाराभर पांढरा लावला होता तेव्हा ते चुन्याच्या ढिगासारखं मेलेलं दिसत होतं.

मधल्या सुट्टीत लुडविग रिश्टरचा वाट्समान स्क्रीनवर उघडून शेजारी ठेवला. हे चित्र १८२४ चं, म्युनिकच्या नॉये पिनाकोटेक या म्युझियमच्या संग्रहातलं. रिश्टर ड्रेस्डेनचाच, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा, रोमला जाताना खरोखर त्या भागातून चालत गेलेला, रोममध्ये बसून चित्र केलं आणि ड्रेस्डेनच्या प्रदर्शनाला पाठवलं. अभ्यासक म्हणतात फ्रीडरिशचं मोठं चित्र हे त्याला दिलेलं उत्तर होतं. रिश्टरचं उभं चित्र आहे, खाली धबधबा कोसळतोय, झाडं, माणसं, घरकुलं, ढग, सगळं भरलेलं, आणि ते सुंदर आहे, अगदी मनापासून सुंदर आहे, त्याने जे पाहिलं ते सगळं आपल्याला द्यायची त्याला घाई झालीय असं वाटतं. ज्याने पाहिलं त्याने सगळं ठेवलं. ज्याने पाहिलं नाही त्याने एकेक करून काढून टाकलं. मी फ्रीडरिशच्या बाजूची आहे. माणसं, पाणी, ढग, गुरं सगळं गेल्यावर जे उरतं ते बघायला धीर लागतो आणि पन्नाशीच्या माणसाला तो होता. त्याच वर्षी, १८२४ ला, ड्रेस्डेन अकादमीत लँडस्केप शिकवायची जागा त्याला हवी होती, ती मिळाली नाही, नुसतं प्राध्यापक हे बिरुद मिळालं. असं झाल्यावर माणूस इतकं स्वच्छ आकाश कसं रंगवू शकतो हे मला अजून सुटलेलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. ट्रुडेनश्टाइन झाला. खडकाच्या भेगा काढताना मजा आली, आडव्या-उभ्या भेगा, जणू कुणी ठोकळे रचलेत. खडकावरच्या झाडाच्या फांद्या नंबर शून्यच्या ब्रशने, बाबांसारखी काठी करून. झाडूचा दांडा कापला, टोकाला जुन्या ओढणीचा गोळा. हात एकदाही थरथरला नाही.

आता वाळायला ठेवते, उन्हाळाभर हात लावायचा नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार, बेर्ख्टेसगाडेन

बर्लिनहून म्युनिक, म्युनिकहून फ्रायलासिंग, तिथे गाडी बदलून बेर्ख्टेसगाडेन, वाट्समानच्या पायथ्याचं गाव. काल रात्री उशिरा पोचलो, काही दिसलं नाही. आज सकाळी पडदा सरकवला आणि समोर तोच.

पण तो नव्हे. हे नीट लिहिलं पाहिजे. खरा वाट्समान २७१३ मीटर, आणि सप्टेंबरात तो करडा आहे, उघडा चुनखडीचा दगड, बर्फ फक्त घळींमध्ये धाग्यासारखा. चित्रातला तो हिमनदीसकट झगमगणारा डोंगर हा नाही. शिवाय इथून तो एकटा नाही, डावीकडे छोटा वाट्समान, २३०७ मीटर, त्याला इथले लोक वाट्समानची बायको म्हणतात, आणि दोघांच्या मध्ये लहान लहान सुळके, ती मुलं. गोष्ट अशी की वाट्समान हा क्रूर राजा होता, गरीब शेतकऱ्यांवर त्याने कुत्री सोडली, शाप लागला आणि सगळं कुटुंब दगड झालं. आपल्याकडे पण वऱ्हाडाचा दगड झाल्याच्या गोष्टी आहेत, आजी सांगायची.

दुपारी क्नाइफेलश्पिट्सवर चढले, ११८९ मीटर, दीड-दोन तास लागले. वर बाकावर बसून वही काढली. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्याला हे कठीण जातं, आपले डोंगर माथ्यावर सपाट, पोटात आडवे थर, एक रेघ मारली की डोंगर झाला. इथे थर कलंडलेले, सगळं तिरकं वर चाललेलं. शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांनी वहीत डोकावून विचारलं की बर्फ का काढताय, आता तर नाहीये. मी म्हटलं, सवय झाली हाताला. ते म्हणाले, ते लहान असताना सप्टेंबरात यापेक्षा जास्त असायचा. मग दोघंही गप्प बघत बसलो.

मला वाटलं होतं खरा डोंगर बघून चित्र छोटं होईल किंवा चित्रामुळे डोंगर छोटा होईल. तसं काही झालं नाही. मला राहून राहून हाइनरिशची आठवण येत होती. तो इथेच कुठेतरी, याच उतारांवर गुडघ्यावर कागद घेऊन बसला असेल, पाण्याची बाटली, ब्रश, डोळे बारीक केलेले. फ्रीडरिशने जे पाहिलं नाही ते मी आज पाहिलं, आणि हाइनरिशने पाहिलं ते मी पाहिलं. उन्ह कलल्यावर कड्यावर सावली सरकत गेली आणि एका क्षणी खालचा सगळा भाग निळा झाला, शिखर तेवढं उजळ राहिलं. तो निळा मी वाटीत मळला होता मार्चमध्ये. अगदी तोच.

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटचे हात. क्नाइफेलश्पिट्सवरून आल्यावर एकच बदल केला, कड्याच्या पायथ्याशी अगदी पातळ निळा ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, लिन्सीड ऑइल जास्त आणि रंग नावाला. मधली दरी त्यामुळे अजून खोल गेली. बर्फ मात्र चित्रातला आहे तसाच ठेवला, करडा केला नाही, तो त्या दोघांचा आहे.

बाबांना कॉल करून दाखवलं. कॅमेरा जवळ नेला, लांब नेला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आकाशात जोड दिसत नाही." मी म्हटलं, बाबा तुम्ही सांगितलं तसंच केलं. परत थोड्या वेळाने, "इथे माणूस नाही ते बरं केलं त्यानं. बोर्डावर आम्हाला मोकळी जागा ठेवताच यायची नाही, गिऱ्हाईक म्हणायचं एवढी जागा वाया कशाला."

कॅनव्हासच्या मागे लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहिलं : वाट्समान, आउगुस्ट हाइनरिशने पाहिला, कास्पार डाविड फ्रीडरिशने रंगवला, त्यावरून कॉपी, बर्लिन, २०२५. खाली माझं आणि बाबांचं नाव. व्हर्निश मार्चनंतर, तोपर्यंत भिंतीकडे तोंड करून नाही, उजेडाकडेच ठेवायचं, नाहीतर तेल पिवळं पडतं.